किसनाच्या बगीच्यातला ताण

फेब्रुवारीत चांदूर बाजारच्या रस्त्यानं जाताना शेजारच्या माणसानं एसटीची खिडकी लावून घेतली, की माझं डोकं फिरतं. अहो, वर्षभर धूळ खाता, धूर खाता, तेव्हा खिडक्या सताड उघड्या. आणि आत्ता, दोन्ही बाजूंचे संत्र्याचे बगीचे फुललेत, त्या पांढऱ्या फुलांचा वास पार डांबरी रस्त्यावर उतरलाय, तर यांना म्हणे वारं बाधतं! परवाही तसंच झालं. खिडकीशी एक मफलरवाले गृहस्थ होते. मी म्हटलं, "भाऊ, उघडा ती खिडकी." ते म्हणाले, "सर्दी हाय मले." मी म्हटलं, "मग तर उघडाच, नाक मोकळं होईल." शेवटी बिचाऱ्यानं जागाच बदलून दिली. म्हातारीशी कोण हुज्जत घालणार? मी खिडकीशी बसले, डोळे मिटून घेतले आणि अचलपूर येईपर्यंत उघडले नाहीत.

हा वास सांगता येत नाही. गोड म्हणावा तर मागे जरासा कडवटपणा राहतो. पहाटे तो थंडगार असतो, दुपारी अंगावर येतो, आणि फार वेळ घेतला तर डोकं जड होतं. लोकांना त्यानं वसंत आठवतो, लग्नसराई आठवते. मला आठवतं ते स्पिरिट. त्याच्याबरोबर स्टोव्हवरच्या पातेल्यात खदखदणारी काचेची सिरिंज आठवते, आणि बाजेवर बसून बाहेरच्या झाडांकडे बघणारा किसना आठवतो. माझ्या नाकानं हे दोन वास एकत्र बांधून ठेवलेत, त्याला माझा इलाज नाही.

साठ सालानंतरचे ते दिवस. महाराष्ट्र राज्य नवंनवं होतं. मी अकोल्याची मुलगी, कापसाच्या गाड्यांमागे पळून सांडलेली बोंडं वेचत वाढलेली. लग्न होऊन अचलपुरात आले होते. नवरा वकील. गावात आमचं बायकांचं एक मंडळ होतं. भजन, पापड, लोणची आणि एकमेकींच्या सुनांची उणीदुणी, एवढा त्याचा कारभार. त्या मंडळात एका दुपारी दवाखान्याचे डॉक्टर आले. आम्ही गडबडीनं पदर सावरले. डॉक्टर खाली सतरंजीवरच बसले आणि म्हणाले, "बाई, क्षयाला आता औषध आहे. माणूस बरा होतो. पण दीड-दोन वर्षं गोळ्या घ्याव्या लागतात, आणि आमची माणसं चार-सहा महिन्यांत खोकला थांबला की गोळ्या सोडतात. मग जातात. मला नर्स नकोत, मला घरोघर जाऊन समोर बसणाऱ्या बायका पाहिजेत."

क्षय हा शब्दसुद्धा तेव्हा मोठ्यानं उच्चारत नसत. 'छातीचं आहे' एवढंच म्हणायचे आणि समोरच्यानं समजून घ्यायचं. ज्या घरात तो निघाला त्या घरातल्या मुलींची लग्नं अडायची. आमच्यातल्या एकीनं विचारलं, "आम्हाला झाला म्हणजे?" डॉक्टरांनी नीट समजावलं. रोग्याच्या तोंडासमोर बसू नका, त्याला खोकताना फडकं धरायला लावा, उघड्या हवेत बसा. तरी कुणी हलेना. मग कोपऱ्यातून दुर्गाकाकू बोलल्या, "मी जाते."

दुर्गाकाकू म्हणजे देवळातल्या गुरुजींच्या घरच्या. सोवळं कडक, जीभ त्याहून कडक. त्यांनीच उभं राहावं म्हटल्यावर बाकीच्यांची पंचाईत झाली. मी उठले ती खरं सांगायचं तर धैर्यानं नव्हे, घरात बसून कंटाळले होते म्हणून. सासूबाईंनी आकांडतांडव केलं. नवऱ्यानं मात्र पान लावता लावता म्हटलं, "जाऊ दे तिला. तिच्यापुढे माझं काही चालत नाही, तिथं क्षयाचं काय चालणार!"

काकूंची कामाची पद्धत त्यांची स्वतःची होती. गोळी समोर घ्यायला लावायची, वर पाणी प्यायला लावायचं, आणि लगेच म्हणायचं, "आता देवाचं नाव घे." आधी मला वाटलं, भाविकपणा आहे. मग एक दिवस टांग्यात त्यांनीच सांगितलं, "अगं, देव कसला! तोंड उघडतं का बघायचं असतं. पोरं कडू गोळी जिभेखाली दडवतात. म्हणून मी 'राम' म्हणायला लावते. राम म्हणताना चांगला जबडा उघडतो." पेठेतला एक पिंजारी चाचा आमच्याकडे होता. त्याला काकू म्हणत, "चाचा, तुमच्या देवाचं घ्या, पण मोठ्यांदा घ्या." चाचा इतक्या जोरात 'या अल्ला' म्हणायचा, की पिंजलेल्या कापसातली मांजर पळून जायची. घरी परतल्यावर काकू आंघोळ करत, मगच स्वयंपाकाला लागत. कुणी खवचटपणे विचारलंच, की काकू, देवाला चालतं का हो हे? तर म्हणत, "त्याला चालतं. त्यानं मला तसं सांगितलंय. तुला नाही सांगितलं का?"

आम्ही ज्या घरी जायचो तिथं शेजाऱ्यांना कळू द्यायचं नसे. मग सोंगं काढायची. कुठे पापडाचं पीठ न्यायला आलोय, कुठे पोरीला भरतकाम शिकवायला. किसनाच्या बगीच्यात जायचं तर संत्री आणि पूजेची फुलं घ्यायला. दर खेपेला पिशवीभर संत्री घेऊन यावं लागे, नाहीतर सोंग उघडं पडायचं. आमच्या घरी त्या वर्षी संत्र्याचा रस झाला, मुरंबा झाला, सालींचं उटणं झालं. वकीलसाहेब शेवटी हात जोडून म्हणाले, "पुढच्या खेपेला कांद्याच्या रोग्याकडे जा."

किसना माळी तिशीच्या आतला. अंगानं उंच, हाडापेरानं मजबूत, पण मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा नुसता सांगाडा उरला होता. अचलपुरातून चांदूर बाजाराकडे निघालं की गावाबाहेर थोड्या चालीवर त्याचा बगीचा. विहीर, मोट, कुडाच्या भिंतींचं घर, पुढे मांडव, मांडवात त्याची बाज. घरात तो आणि बायको रुखमा, दोघंच. त्याचा थोरला भाऊ याच रोगानं, याच घरात गेला होता. त्यानं ना औषध पाहिलं ना दवाखाना. रुखमाच्या माहेरचे दोनदा बैलगाडी घेऊन तिला न्यायला आले. "माणूस जानार हाय, तू काहून मरतं त्याच्यासंग?" म्हणाले. ती गेली नाही. गाडीवानाला मात्र तिनं पोटभर जेवू घातलं आणि गाडी रिकामी परत पाठवली. हे तिनं मला सांगितलं नव्हतं, शेजारच्या बगीच्यातल्या म्हातारीनं सांगितलं.

पावसाळ्याच्या तोंडाशी किसनाचं औषध सुरू झालं. आधी सुया, त्या दवाखान्याचा कंपाउंडर येऊन द्यायचा; शिवाय दोन तऱ्हेच्या गोळ्या. त्यातल्या मोठाल्या गोळ्यांनी पोटात ढवळायचं, उलट्या व्हायच्या. पण काकूंच्या पुढ्यात उलटी करायचीसुद्धा छाती लागते! पोळा गेला, दसरा गेला, आणि माणूस दिसायला लागला. गालावर मांस चढलं. खोकला थांबला. दिवाळीत त्यानं स्वतः मोट धरली म्हणून रुखमा मांडवात उभी राहून रडली, आणि मीही रडले. डॉक्टरांनी सुया बंद केल्या, पण गोळ्या चालूच ठेवायच्या म्हणून सतरांदा बजावलं. आम्ही आठवड्यातून एकदा जायचो, बाकीच्या दिवसांचं रुखमा बघायची.

आणि मग थंडी पडली. वऱ्हाडातली थंडी लोकांना ठाऊक नसते, त्यांना आमचं ऊनच माहीत. मार्गशीर्षात सकाळी टांग्याच्या घोड्याच्या नाकातून वाफ निघते. तुरीच्या शेंगा भरलेल्या असतात, ज्वारी हुरड्यावर आलेली असते, सरकी काढायच्या जिनाकडे निघालेल्या कापसाच्या गाड्यांनी रस्ता पांढरा झालेला असतो. आणि या सगळ्या भरल्या दिवसांत संत्र्याचा बगीचा मात्र उपाशी उभा असतो. मी अकोल्याची, मला हे नवीन होतं. मोट बंद, पाटात धूळ, पानं वळून मलूल झालेली, खाली पिवळ्या पानांचा सडा. मला वाटलं, आजारपणात बगीचा गेला यांचा. मी हळहळले. किसना खो खो हसला.

"अवो वकीलीनबाई, त्याले ताण देल्ला हाय. आंबिया बहार घ्याचा हाय न!" मग त्यानं मला मांडवात बसवून समजावलं. बोलताना त्याचे हात झाडाची छाटणी केल्यासारखे हलायचे. "झाडाले सदा पानी पाजलं तं ते माजते. पानंच पानं, फुलाचं नाव नाई. म्हून आमी त्याचं पानी तोडतो. तहान लागू देतो. पानं गळाले लागली का समजाचं ताण बसला. झाडाले वाटते आता आपन मरतो. मंग आळे खनून, खत घालून संक्रांतीच्या टाइमाले पानी सोडलं, का असं फुटते बाई, असं फुटते, का पान दिसत नाई!" त्याला यातलं कळतही होतं. आजूबाजूचे माळी त्याला बोलावून न्यायचे, आमच्या झाडांचा ताण बसला का पाहून दे म्हणून. मी घरी येऊन वकीलसाहेबांना हे सगळं रंगवून सांगितलं. मला ते फार आवडलं होतं.

पुढच्या आठवड्यात गेलो. काकूंनी नेहमीसारखं म्हटलं, "घे गोळी, म्हण राम." किसना बाजेवर मांडी घालून बसला होता. चेहरा असा, की काही गंमत सांगायचीय. म्हणाला, "काकू, गोळ्या बंद."

"कुणी सांगितलं? डॉक्टरांनी?"

"मीच सांगतलं मले. चार रोज झाले. अंगाले ताण देऊन राहिलो मी."

काकूंना कळेना. मला कळलं. तो मात्र उत्साहानं सांगत होता. लपवाछपवी काहीच नव्हती. शरीराला सदा औषध पाजलं तर ते सुस्त होतं, माजतं, आपणहून काही करत नाही. आता जरा तहान लागू द्यायची. संक्रांतीला बगीच्याचा ताण तुटेल, त्याच दिवशी अंगाचाही तोडायचा. मग बघा कसं अंग भरतं! "गोळ्या फेकल्या नाईत," त्यानं समजूत घातली, "जपून ठेवल्या फडक्यात. एकदम सुरू करतो."

अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, पण हा शहाणपणा साधा नव्हता. वाडवडिलांपासून हातात आलेला होता, आणि दर वर्षी खरा ठरलेला होता. त्याच्याशी वाद कसा घालायचा? काकू भडकल्या. काय काय बोलल्या ते इथं लिहीत नाही, गुरुजींच्या घरच्या बाईला ते शब्द कुठून ठाऊक होते याचंच मला नवल वाटलं. किसना शांतपणे ऐकत राहिला. "तुमी शिकल्यासवरल्या," म्हणाला, "पन तुमच्यापैकी कोनं झाड फुलवलं हाय काय?"

डॉक्टरांना सांगितलं, तर त्यांनी डोकं धरलं. म्हणाले, "मध्येच सोडलं की आतले जंतू सावरतात. मग तीच गोळी पुन्हा दिली तर त्यांना काही होत नाही. हा माणूस हातचा जाईल, बाई." ते स्वतः बगीच्यात गेले. त्यांना संत्री मिळाली.

खरा घोर पुढेच होता. किसनाला संध्याकाळचा ताप यायला लागला. खोकला परतला. मला वाटलं, आता तरी घाबरेल. छे! तो उलट खूश. "पानं गळून राहिली," म्हणायचा. "ताण बसून राहिला." जी जी खूण आम्हाला मरणाची वाटत होती, ती ती त्याला बहाराची वाटत होती. ताप वाढला की त्याचा विश्वास वाढायचा. असल्या माणसाला काय सांगाल? रुखमा रडली, भांडली, अन्न सोडून बसली. त्यानं तिलाही तेच सांगितलं, संक्रांतीपर्यंत दम धर.

त्या दिवसांचं मला चांगलंही खूप आठवतं. आता लिहिताना ते ढकलून पुढे येतंय, तर येऊ दे. हुरड्याच्या आगटीचा धूर, गरम कणसं तळहातावर चोळताना बसणारे चटके, अंबाडीच्या भाजीबरोबर कच्चं तेल आणि ठेचा. बहिरमच्या जत्रेहून येणाऱ्या गाड्या, त्यांच्या घुंगरांचा आवाज. वकीलसाहेब मित्रांबरोबर जत्रेला जाऊन गोवऱ्यांत भाजलेले रोडगे खाऊन आले आणि दोन दिवस पोट धरून निजले. या सगळ्यात मी हसत होते, जेवत होते, हळदीकुंकवाची तयारी करत होते. पण बगीच्याचा रस्ता धरला की जीव खाली खाली जायचा. आपण कोण, कुठले, आणि हा माणूस आपला कोण? तरी तो जगावा असं मला इतकं वाटत होतं, की माझं मलाच अवघड वाटायचं. सासूबाई म्हणाल्या, "परक्यासाठी एवढा जीव काढू नये." बरोबर होतं त्यांचं, पण जीव काढायचा की नाही हे कुणाला विचारून ठरत नाही.

अशाच एका सकाळी काकूंची आणि किसनाची मांडवात जुंपली होती. मला ऐकवेना. मी उठून विहिरीकडे चालू लागले. सगळा बगीचा धुळीत तहानलेला. आणि विहिरीच्या अंगाला एका झाडापाशी रुखमा घागरीनं पाणी घालत होती. बुंध्याला लागू न देता, जरा दूर, गोल फिरून, हळूहळू. शेंड्याकडून वाळत आलेलं झाड होतं ते, अर्ध्या फांद्या नुसत्या काड्या.

मी म्हटलं, "का गं, ताण चाललाय ना? यालाच कसं पाणी?"

"ते बिमार हाय, बाई," ती म्हणाली. "बिमार झाडाले ताण देत नसते. यायनंच सांगतलं मले, की याले रोज दोन घागरी घालत जाय..."

बोलता बोलता ती थांबली. घागरीची धार थांबली. आम्ही एकमेकींकडे बघत राहिलो. कितीतरी दिवस ती रोज या झाडाला पाणी घालत होती, मी कितीदा विहिरीवरून गेले होते. काखेत कळसा म्हणतात तो हाच, आणि इथं तर तो खराच तिच्या कमरेवर होता. तिनं घागर सावरली आणि तरातरा मांडवाकडे निघाली. मी मागे धावले.

मांडवात जाऊन ती किसनासमोर उभी राहिली. "अवो, त्या विहिरीजोळच्या झाडाचं पानी आजपासून बंद."

"काहून?"

"साऱ्या बगीच्याले ताण, आन् त्याचेच काहून लाड? त्याले बी बसू द्या ताण. फुलन मस्त."

किसना बाजेवरून उठलाच. "अवं, येडी झाली काय तू! बिमार झाड हाय ते! त्याले ताण देल्ला तं सरपण होईन त्याचं! ताण सोसाले झाड धडधाकट लागते, माळ्याच्या घरात राहून एवढं समजत नाई तुले?" ओरडता ओरडता त्याला खोकल्याची उबळ आली. तो वाकला, बाजेची कड धरून खोकत राहिला. रुखमा जागची हलली नाही. खोकला थांबेपर्यंत ती थांबली.

मग म्हणाली, "आन् तुमी? तुमी कोनते धडधाकट लागून गेले?"

किसना बाजेवर टेकला.

"भासऱ्याचं, तुमच्या मोठ्या भावाचं सरपण ह्या डोयानं पाह्यलं म्या," रुखमा म्हणाली. तिचा आवाज आता अगदी बारीक झाला होता. "आता दुसरं नाई पाहू शकत. झाडाचं जे समजते ते सोताले लावा. नाईतं हे पानी मी इथंच सांडून देतो."

त्यानं घागरीकडे पाहिलं. मग बायकोकडे न बघता म्हणाला, "जाय. झाडाले पानी घाल आधी." ती गेली नाही, तशीच उभी राहिली. तेव्हा त्यानं उशाखालून फडक्याची पुरचुंडी काढली आणि काकूंपुढे धरली. काकूंनी गोळी दिली. देवाचं नाव घ्यायला सांगायचं त्या विसरल्या. पहिल्यांदाच विसरल्या.

पण गोष्ट तिथं संपली असती तर काय हवं होतं! डॉक्टर म्हणाले, औषध पुन्हा लागू पडेल की नाही सांगता येत नाही. सुया पुन्हा सुरू झाल्या. संक्रांत आली, गेली. आळी खणली, खत पडलं, मोट पुन्हा चालू झाली. किसना बाजेवर पडून शेजारच्या माळ्याला ओरडून सूचना द्यायचा आणि आम्ही त्याला ओरडू नको म्हणून ओरडायचो. मग एका सकाळी टांग्यातून उतरले तर तो वास! झाडं पांढरीशुभ्र. मधमाश्यांचा नुसता गलबला. आणि मांडवात स्टोव्हवर सिरिंज उकळतेय, किसना ताप भरल्या डोळ्यांनी ती फुलं बघतोय. मला त्या फुलांचा राग आला. झाडं दिलेला शब्द पाळून मोकळी झाली होती, आता हा माणूस फुटतो की नाही?

शिमग्यापर्यंत ताप चालू होता. मग एक दिवस संध्याकाळी आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आम्ही कुणीच तोंडानं बोललो नाही, दृष्ट लागेल म्हणून. रुखमानं मला खुणेनंच सांगितलं, आणि मी खुणेनंच काकूंना. फुलं गळून हिरवे मणी धरले तेव्हा त्याला भूक लागायला लागली. उन्हाळ्यात खोकला गेला. आमचा उन्हाळा म्हणजे भट्टी, पण त्या वर्षीचा मला सुखाचा आठवतो. वाळ्याचं पाणी, दाराला टांगलेले कांद्याचे झुबके, आणि गोळी घेऊन कडू तोंडानं 'राम' म्हणणारा किसना. त्यानं पुढे एकही दिवस चुकवला नाही.

सगळेच बरे झाले असं नाही. पेठेतली एक कोवळी मुलगी आमच्या डोळ्यांदेखत गेली. दर्यापूरकडचा एक जण घरच्यांनी कुठे नेला ते कळलंच नाही. पण पिंजारी चाचा बरा झाला, आणखीही बरेच झाले. आम्ही काय केलं? समोर बसलो. एवढंच. कुणाच्या तरी समोर बसून राहणं हे केवढं काम आहे, ते मला पापड लाटून कधी कळलं नसतं.

दुसऱ्या वर्षीचा बहार उतरून गेल्यावर डॉक्टरांनी किसनाची थुंकी तपासली, छातीचा फोटो काढला, आणि म्हणाले, "झालं. आता औषध नको." त्या दुपारी रुखमानं आम्हाला जेवायला ठेवून घेतलं. काकू बाहेरचं खात नसत; त्या केळीच्या पानावर संत्री आणि गूळ घेऊन बसल्या. मला झुणका, भाकर, हिरव्या मिरचीचा ठेचा. किसनाचं ताट जर्मलचं, म्हणजे ॲल्युमिनियमचं, वेगळं. त्याचं ताट, तांब्या, वाटी सगळं आजारपणात वेगळं काढलेलं होतं. रोग भांड्यानं पसरत नाही, खोकल्यानं पसरतो, हे आम्ही सांगून थकलो होतो, पण थोरल्या दिराचं मरण पाहिलेल्या बाईला ते पटलं नव्हतं. ती ते ताट राखेनं घासायची, वर उकळतं पाणी ओतायची, आणि कुडाच्या बाहेर खुंटीला टांगायची. स्वतः नेहमी निराळ्या थाळीत जेवायची.

नवऱ्याच्या उष्ट्या ताटात बायकोनं जेवायचं, ही आपली जुनी चाल मला मुळीच आवडत नाही. माझ्या घरात मी ती पहिल्या वर्षीच मोडली. सासूबाई महिनाभर बोलल्या नाहीत. म्हणून मी जे पाहिलं त्याला मी काय नाव देऊ, मला समजत नाही. किसना जेवून उठला. सवयीनं आपलं ताट उचलायला वाकला, बाहेर नेऊन ठेवायला. रुखमानं त्याचा हात बाजूला सारला. ते ताट आपल्याकडे ओढलं, त्यातच भाकर वाढून घेतली, झुणका घेतला, आणि मांडी घालून बसली.

किसना घाबरला. "अवं थांब! घासून तं घे!"

"चूप राहा," रुखमा म्हणाली, आणि पहिला घास तोंडात घातला. "भूक लागली मले."